घुम्याच्या मुठीतला रिले

१

इंजिनं फुटतात. वर्कशॉपमध्ये वाढलेल्या माणसांना त्याचं फारसं नवल वाटत नाही. नवल वाटलं ते घुम्याच्या मुठीचं.

दवाखान्यात त्याच्या, इंजिन फुटून मोडलेल्या, उजव्या हाताला प्लास्टर चढत होतं, आणि डाव्या हाताची मूठ काही केल्या सुटत नव्हती. माणूस अर्धवट शुद्धीत, पण मूठ अशी आवळलेली की जणू आत जीव धरून ठेवलाय. नर्सने एकेक बोट सोडवलं, तेव्हा आतून एक काळी चौकोनी डबी निघाली. काड्यापेटीहून लहान, खालून पत्र्याचे पाय फुटलेली. मशीनचा तुकडा असेल म्हणून तिने ती डबी बाहेर बसलेल्या मामांच्या हातात दिली. मामांनी ती पाहिली आणि भिंतीचा आधार घेत ते मटकन बाकावर बसले.

तो पेट्रोलपंपाचा रिले होता. गाडीच्या पोटातल्या पंपाला वीज पोचवणारी डबी. चालत्या गाडीतून ती उपटली की इंजिनाचं पेट्रोल तुटतं. इंजिन पूर्ण ताकदीने ओरडत असताना पेट्रोल तुटलं तर आत नुसती हवा आणि आग उरते, आणि इंजिन आपलाच घास घेतं.

हे मामा म्हणजे वर्कशॉपचे मालक. गावभर त्यांना उस्ताद म्हणायचे. घुम्या त्यांच्या बहिणीचा मुलगा. आई गेल्यापासून मामाच्याच घरी वाढला, मामाच्याच हाताखाली शिकला. बोलायचा इतका कमी की खरं नाव मागे पडलं आणि घुम्या हेच नाव चिकटलं. फुटलेलं इंजिन त्यानेच नटबोल्ट मोजून जोडलं होतं.

आणि त्यानेच मोडलं, असं आता ती डबी सांगत होती.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी विमा कंपनीची सर्वेअरबाई आली. केस पिकलेले, गुडघे कुरकुरणारे, पायात कॅनव्हासचे बूट. सगळा जन्म मोडलेल्या वस्तू बघण्यात गेलेला: जळालेले बॉयलर, बुडालेल्या बोटी, कोसळलेल्या क्रेन. तिची एक रीत होती. ‘काय झालं’ असं ती कोणाला विचारत नसे. काय झालं हे जो तो आपल्या सोयीने सांगतो. ती विचारायची, ‘रोज काय करता?’

वर्कशॉप लांबट होतं. मधोमध जमिनीत बसवलेले दोन जाड रोलर. गाडीची मागची चाकं त्यांच्यावर ठेवायची, गाडी पट्ट्यांनी जमिनीला बांधायची आणि दामटायची. गाडी जागच्या जागी धावते आणि मशीन तिचे घोडे, म्हणजे अश्वशक्ती, मोजतं. रोलरवर ती शेवाळी रंगाची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी स्पोर्ट्स कार उभी होती. बॉनेट उघडं, आणि आत साखळीला लटकलेलं दुसरं इंजिन हळूहळू खाली उतरत होतं. एक तिशीची बाई साखळी सोडत होती. ही उस्तादांची लेक, भिंगरी. शर्यतीत गाडी चालवायची ती हीच.

“एवढी घाई?” सर्वेअरबाईने विचारलं.

“उद्या घाटातली शर्यत आहे,” भिंगरी म्हणाली. “घुम्याने दोन इंजिनं जोडून ठेवली होती, जुळी. एक गेलं. दुसरं आज चढवायचं, दुपारी बाबा ट्यून करतील, उद्या मी चढणार.”

बाईने साखळीकडे पाहिलं. घाटाचा रस्ता तिच्या डोळ्यांपुढे आला. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला काही नाही. अशा वळणावर इंजिन फुटलं तर तेल आपल्याच मागच्या चाकांखाली सांडतं. घुम्याने रिले उपटून पहिलं इंजिन मारलं असेल, तर घुम्या दवाखान्यात आहे आणि उद्याची चिंता नाही. पण घुम्याने मारलं नसेल, तर ज्याने मारलं ते अजून याच छपराखाली आहे, आणि ते उद्या या मुलीबरोबर घाट चढणार.

गाडीचा मालक कोपऱ्यात येरझारा घालत होता. दातांचा डॉक्टर. इस्त्रीचा शर्ट, आणि चेहरा असा की त्याचाच दात दुखत असावा.

“मॅडम, सरळ गोष्ट आहे,” तो म्हणाला. “कंपनीने गाडी दिली तेव्हा हिच्यात तीनशे घोडे होते. मला पाचशे हवेत. टर्बो मोठा बसवला, पिस्टन बदलले, सगळं झालं. आणि ऐन वेळी त्या पोराने रिले ओढला. मी पोलिसांत जाणारच आहे. तुम्ही फक्त ‘मुद्दाम केलं’ एवढं सांगा.”

“सांगेन,” बाई म्हणाली. “केलं असेल तर.”

३

उस्तादांनी तिच्यासाठी खुर्ची मांडली. स्वतः खिडकीला पाठ करून बसले, तिला खिडकीसमोर बसवलं.

“इथे उजेड बरा आहे, बाई. आणि जरा तोंड इकडे करून बोला, वर्कशॉपचा गोंगाट असतो.”

त्या वेळी एकही मशीन चालू नव्हतं. पण माणसाला बोलायची सवय असते, असं म्हणून तिने ते सोडून दिलं.

उस्ताद साठीच्या पुढचे, आडव्या बांध्याचे. हाताच्या रेषांत काळं तेल कायमचं मुरलेलं. रात्रभर झोपले नसावेत.

“तुमचं रोजचं काम सांगा,” बाई म्हणाली. “घोडे कसे वाढवता?”

या प्रश्नावर ते जरा सैलावले. “घोडे काय, बाई, हवेतून येतात. टर्बोने जास्त हवा कोंबायची, तेवढं जास्त पेट्रोल द्यायचं, आणि ठिणगी थोडी आधी पाडायची. ठिणगी जितकी आधी, तितके घोडे जास्त. पण फार आधी पडली तर पिस्टन वर चढत असताना आग त्याच्या डोक्यात हाणते. त्याला आम्ही ठोका म्हणतो. ठोका खाल्लेला पिस्टन टिकत नाही.”

“मग कुठे थांबायचं हे कसं कळतं?”

“कानाने.” त्यांनी भिंतीवर टांगलेल्या हेडफोनकडे बोट केलं. “इंजिनाला एक छोटा माइक लावतो. मी गाडीत बसतो, हेडफोन घालतो, दारं आतून लावून घेतो. ऐकताना मला मध्ये कोणी नको असतं. गाडी फेरीफेरीने दामटायची, दर फेरीला ठिणगी एक पाऊल आधी न्यायची. पत्र्याच्या डब्यात बारीक खडे हलवावेत तसा आवाज आला, की दोन पावलं मागे. ती त्या इंजिनाची हद्द.”

“ठोका ओळखणारा सेन्सर गाडीत असतो ना?”

“असतो. तो मी बंद ठेवतो, हे कालचं नाही, कायमचं. शर्यतीचे पिस्टन सैल बसवतात, ते थंड असताना खडखडतात. सेन्सरला तोच ठोका वाटतो आणि तो नको तिथे ताकद कापतो. यंत्र फसतं. कान फसत नाही.”

कोपऱ्यातल्या शेगडीवर किटली शिट्टी मारू लागली. बारीक, टोचणारी शिट्टी. उस्ताद पिस्टनबद्दल बोलतच राहिले. शेवटी भिंगरी गाडीखालून सरपटत बाहेर आली.

“बाबा, किटली.”

“बोलतोय ना मी,” उस्ताद तिच्याकडे बघून म्हणाले. तिने पुटपुटत शेगडी बंद केली.

“काल घुम्या कुठे होता?” बाईने विचारलं.

“काल कुठे होता ते मला दिसलं नाही. बॉनेट उघडं होतं, समोरची काच झाकलेली. नव्या टर्बोची धग फार, म्हणून उघडं ठेवलं.” त्यांनी हात चोळले. “एरवी तो समोर उभा असतो. गाडीला वारा घालणाऱ्या मोठ्या पंख्याच्या बाजूला.”

“तिथे त्याचं काय काम?”

“काही नाही. उभा राहतो आणि नाक खाजवतो,” भिंगरी चहा ओतता ओतता हसली. “गाडी जोरात आली की हा हटकून नाक खाजवणार. बाबा म्हणतात, घुम्याला पेट्रोल सोसत नाही.”

उस्ताद हसले नाहीत. मान जरा तिरकी करून म्हणाले, “ट्रक आला. पेट्रोलची रिकामी पिंपं न्यायला.”

कोणालाच काही ऐकू आलं नव्हतं. मग थोड्या वेळाने खिडकीची तावदानं थरथरली आणि ट्रक दारात येऊन उभा राहिला.

“पाहिलंत?” डॉक्टर म्हणाला. “या कानासाठी लोक लांबून गाड्या घेऊन येतात. आणि घरातलाच पोरगा असा निघाला.”

४

घुम्या उशीला टेकून बसला होता. रुंद खांदे, लहान मुलासारखा चेहरा. बाईने स्टूल ओढलं.

“रिले तू काढलास?”

“हो.”

“इंजिन फुटायच्या आधी की नंतर?”

त्याने खिडकीबाहेर पाहिलं. “आधी.”

“का?”

भिंतीला विचारलं असतं तर तिने काहीतरी सांगितलं असतं.

“घुम्या, तुझ्यावर पोलीस केस होईल. यापुढे कोणी तुला गाडीला हात लावू देणार नाही. मामा तर...”

“मामा काय म्हणाले?” त्याने पटकन विचारलं.

“तुझ्याबद्दल? काहीच नाही.”

तो म्हणाला, “लिहा मीच मोडलं म्हणून. सही करतो. डाव्या हाताने चालेल का?”

कबुली अशी ताटात वाढून मिळाली की बाईची भूक मरायची. ती उठली, दारापर्यंत गेली आणि सहज बोलल्यासारखं म्हणाली, “बरं, दुसरं इंजिन बसलं. दुपारी उस्ताद ट्यून करताहेत.”

पलंग करकरला. घुम्या अर्धा उभा राहिला होता, कपाळावर घाम.

“बॉनेट लावायला सांगा.”

“काय?”

“बॉनेट लावून घ्या म्हणावं. नाहीतर भिंगरीला आत बसवा, मामांच्या शेजारी. दार लावायच्या आधी बसवा.” एका दमात तो याआधी कधी इतकं बोलला असेल असं बाईला वाटलं नाही. “ताई, एवढं करा. बाकी मला विचारू नका.”

आणि त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. ज्याने इंजिन मारलं, त्याला दुसऱ्या इंजिनाची एवढी काळजी का?

५

वर्कशॉपच्या मागच्या खोलीत बाईने फुटलेल्या इंजिनाचे चारही पिस्टन काढायला लावले आणि टेबलावर ओळीने ठेवले. एकाचे तुकडे झाले होते. त्याचाच दांडा इंजिनाची भिंत फोडून बाहेर आला आणि घुम्याच्या हातावर बसला. बाकीचे तीन साबूत दिसत होते. भिंगरीने एक उचलून उजेडात धरला आणि तिचा हात थांबला.

“याच्या कडा बघा.”

कडा उंदरांनी कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या. दुसऱ्याच्या तशाच. तिसऱ्याच्याही.

“पेट्रोल तुटून इंजिन मेलं तर कसं दिसतं?” बाईने विचारलं.

“मधोमध वितळतं. भोक पडतं, मेणासारखं.” भिंगरी सावकाश बोलत होती. “हे वितळलेलं नाही. हे ठोक्याचं आहे. आणि एका फटक्यात असं होत नाही. काल फेरीमागून फेरी ठोका बसत होता. घुम्याने रिले ओढला तेव्हा हे पिस्टन आधीच मेलेले होते.”

तिचे डोळे भरून आले, पण ते तिने तेलकट बाहीने पुसून टाकले. “म्हणजे त्याने मारलं नाही. तो बंद करायला धावला होता. मग गधडा सांगत का नाही?”

“आणि इतका वेळ ठोका बसत होता, तर उस्ताद थांबले का नाहीत?”

“बाबांनी ऐकला असता तर थांबले असते. म्हणजे ऐकण्यासारखा नसेल.” भिंगरीने पिस्टन खाली ठेवला. “पेट्रोल. वरच्या दर्जाचं शर्यतीचं पेट्रोल लागतं. साधं मिसळलं तर ठोका एकदम, एका फेरीतच उसळतो. पेट्रोलचं पिंप डॉक्टरांनी स्वतः आणलं होतं.”

बाईने खिडकीतून पाहिलं. डॉक्टर अंगणात फोनवर बोलत होता. ट्रक निघून गेला होता, आणि रिकामी पिंपंही.

६

“मी साधं पेट्रोल मिसळलं?” डॉक्टरचा चेहरा लाल झाला. “माझ्याच गाडीत? मॅडम, मी हिला बायकोपेक्षा जास्त वेळा पुसतो, असं बायकोच म्हणते. पिंपाचं सील उस्तादांनी स्वतः फोडलं. आजही त्याच खेपेतलं दुसरं पिंप आहे, उघडून बघा.”

बाईला तो खरा वाटला. रागावलेल्या माणसाला इतकी तपशीलवार थाप सुचत नाही. तिने वेगळीकडून विचारलं.

“काल तुम्ही कुठे उभे होतात?”

“मागे. दाराजवळ. काय तो आवाज, छातीत घुमतो.”

“नुसता घुमतो? आणखी काही?”

डॉक्टर घुटमळला. “हसू नका. मला वाटलं, गाडी दात खातेय.”

बाई हसली नाही.

“झोपेत लोक दात खातात ना, कराकरा, तसं. बारीक. त्यांचीच माझ्याकडे रांग असते, तो आवाज मी ओळखतो. दुसऱ्या फेरीपासून होता, मग वाढत गेला.”

“आणि तुम्ही बोलला नाहीत.”

“कोणाला? उस्तादांच्या कानात हेडफोन. ते जगाहून जास्त ऐकतात. दातांच्या डॉक्टरने त्यांना इंजिन शिकवायचं?” तो खाली बघू लागला. “घुम्या मात्र ओरडत होता.”

“घुम्या?”

“मागच्या काचेवर थापा मारून ओरडत होता. वर्षातून चार शब्द बोलणारा माणूस. मला वाटलं, उत्साहाने. मग तो पुढे पळाला, बॉनेटकडे. आणि मग...”

त्याचं वाक्य अर्धवट राहिलं. आत दुसरं इंजिन सुरू झालं होतं.

७

बाईचे गुडघे त्या दिवशी जितके पळाले तितके कित्येक वर्षांत पळाले नव्हते. पण इंजिन नुसतं गरम करायला चालू ठेवलं होतं. उस्ताद नळापाशी पाणी पीत होते. बॉनेट उघडंच होतं. हेडफोन गाडीच्या सीटवर पडला होता. बाई वाकली आणि तो कानाला लावला.

लावला आणि ओरबाडून काढला. कानात जणू कोणी घण घातला. तिने माइकच्या डबीवरचं बटण पाहिलं. आवाज शेवटापर्यंत पिळलेला होता, त्याच्या पुढे जागाच नव्हती.

खिडकीकडे पाठ करून ठेवलेली खुर्ची. तोंड इकडे करून बोला. किटली. सगळं एकापाठोपाठ एक तिच्या डोळ्यांपुढे येऊन उभं राहिलं, आणि पंख्याच्या बाजूला नाक खाजवत उभा असलेला घुम्या. फक्त तो ट्रक कुठे बसत नव्हता.

पण हे असं तोंडावर बोलून कोण ऐकणार होतं? लेकीने तर नाहीच. उद्या सकाळी ती याच इंजिनावर घाट चढायला निघाली असती.

“उस्ताद,” ती त्यांच्या समोर जाऊन, चेहरा उजेडात धरून म्हणाली, “एक विनंती. भिंगरीला शेजारी बसू द्या. दुसरा हेडफोन लावून. आणि आज पाऊण ताकदीच्या वर जायचं नाही. माझ्या अहवालासाठी.”

उस्तादांच्या कपाळावर आठी आली. “ऐकताना मला...”

“शिकू दे की बाबा कधीतरी,” भिंगरी म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता आत जाऊन बसली. तिच्या हेडफोनचा आवाज बाईने मध्यावर लावला, आणि खाली वाकून तिच्या कानाशी म्हणाली, “किल्लीवर हात ठेव. खडे वाजले तर बंद कर. कोणाला विचारू नकोस.”

दारं लागली. पंखा सुरू झाला. डॉक्टर आणि बाई मागच्या भिंतीला चिकटून उभे राहिले, समोर कोणी नाही.

पहिली फेरी स्वच्छ गेली. रोलर गरगरले, मशीनवरचा आकडा चढला, उतरला. उस्तादांनी मांडीवरच्या लॅपटॉपवर एक कळ दाबली. दुसरी फेरी. तिसरी. डॉक्टरने बाईचा दंड धरला.

“आता,” तो ओठांनीच म्हणाला. “दात.”

बाईला काही कळलं नाही, तिचेही कान म्हातारे होते. मागच्या काचेतून तिला भिंगरीची मान ताठ झालेली दिसली. भिंगरी वडिलांकडे बघत होती. आतल्या आरशात उस्ताद दिसत होते, डोळे मिटून, मान हलवत, गवयाने तानपुरा ऐकावा तसे ऐकताना. चेहऱ्यावर समाधान. मग त्यांनी डोळे उघडले आणि ठिणगी आणखी एक पाऊल आधी न्यायला बोट उचललं.

इंजिन बंद पडलं.

रोलर घरंगळत थांबले. शांततेत उस्तादांचा आवाज मोठा वाटला, कारण त्यांनी हेडफोन काढलाच नव्हता.

“का बंद केलंस? किती स्वच्छ चाललं होतं.”

“बाबा,” भिंगरीचा चेहरा पांढरा पडला होता, “खडे वाजत होते.”

“कुठले खडे?”

८

बाई शेगडीपाशी गेली, किटली भरून ठेवली आणि परत येऊन सगळ्यांच्या मध्ये बसली. उस्तादांची पाठ शेगडीकडे होती.

“इंजिन घुम्याने मारलं नाही,” ती म्हणाली. “पिस्टनच्या कडा सांगतात, ठोका कितीतरी आधीपासून होता. पेट्रोल चांगलं होतं, नाहीतर आज पहिलीच फेरी इतकी स्वच्छ गेली नसती. सेन्सर बंद होता, पण तो नेहमीच बंद असतो. या वर्कशॉपची रीतच अशी आहे की यंत्राचा कान बंद ठेवायचा आणि माणसाच्या कानावर चालायचं. खडे वाजेपर्यंत पुढे जायचं. आता ज्याला खडे ऐकूच येत नाहीत, तो कुठे थांबणार?”

“बाई, जपून बोला,” उस्ताद म्हणाले. “ट्रक आला तो कोणी ऐकला?”

“तुम्ही. तोच मला अडवत होता.”

“तो आता अडवणार नाही,” डॉक्टर हळूच म्हणाला. “गोंगाटात जन्म गेला की वरचे, बारीक आवाज आधी जातात. खालचे राहतात. ट्रक खालचा. माझ्या ड्रिलमुळे आमच्यातही होतं हे. म्हणून तर आवाज वाढवला तरी फायदा नाही, घरघर तेवढी वाढते आणि खडे तिच्यात बुडतात.”

“मग आजवर एकही इंजिन का गेलं नाही?” भिंगरीने विचारलं. वडिलांच्या बाजूने भांडायची ही तिची शेवटची जागा होती.

“कारण आजवर बॉनेट लावलेलं असायचं,” बाई म्हणाली. “समोर घुम्या दिसायचा. खडे वाजले की तो नाक खाजवायचा.”

भिंगरीने तोंडावर हात ठेवला.

“काल बॉनेट उघडं होतं. नाक खाजवलेलं दिसेना, म्हणून तो मागे येऊन ओरडला. ऐकू जाईना. दारं आतून लावलेली. मग उघड्या बॉनेटखाली त्याच्या हाताला लागेल असा एकच उपाय उरला. रिले निघाला, पण इंजिनाने तेवढीही वाट पाहिली नाही.”

“खोटं आहे,” उस्ताद म्हणाले. आवाजात जोर नव्हता. “माझं तरुणपणापासूनचं काम आहे हे. मला...”

ते थांबले, कारण तिघेही त्यांच्या खांद्यावरून मागे बघत होते. ते वळले. किटलीच्या तोंडातून वाफेचा सोट निघत होता, झाकण थडथडत होतं.

उस्ताद बराच वेळ त्या वाफेकडे बघत राहिले.

“कधीपासून वाजतेय?” त्यांनी विचारलं.

भिंगरीने उठून शेगडी बंद केली.

“माणसांचं कमी ऐकू येतं, ते माहीत होतं,” उस्ताद म्हणाले. “माणसांचं काय, नाही ऐकलं तरी चालतं. इंजिनाचं येतं असं वाटायचं. त्याने नाक खाजवलं की मनात यायचं, आता पुरे. का यायचं, हे मी कधी स्वतःला विचारलं नाही.”

मग ते उठले, माइकच्या डबीवरचं बटण फिरवून मध्यावर आणलं आणि आपला हेडफोन लेकीच्या हातात दिला. पुढच्या फेऱ्यांना भिंगरी ऐकत होती आणि बोट वर करत होती, ते तिचं बोट बघून दोन पावलं मागे येत होते. संध्याकाळी मशीनवर आकडा आला तो चारशेच्या थोडा पुढे.

“मला पाचशे हवे होते,” डॉक्टर म्हणाला, पण सवयीने.

“उरलेले मागून चालत येतील,” भिंगरी म्हणाली. “हे चारशे घाटावर पोचतील एवढं बघा.”

९

दवाखान्यात दिवे लागायची वेळ होती. उस्तादांनी स्टूल उचलून खिडकीच्या बाजूला नेलं, म्हणजे घुम्याच्या चेहऱ्यावर उजेड येईल. घुम्या भिंतीकडे बघत होता.

“दुसरं इंजिन ठीक आहे,” उस्ताद म्हणाले. “पोरीने ट्यून केलं.”

घुम्याचे खांदे सैल झाले.

“डॉक्टर पोलिसांत जात नाही. सर्वेअरबाई तुझ्या नावावर काही लावत नाही.” त्यांनी स्टूल जवळ ओढलं. “का रे, मला एकदा सांगायचं नाही?”

घुम्या काहीतरी पुटपुटला. तोंड भिंतीकडेच.

उस्तादांनी हात लांब केला, त्याची हनुवटी धरली आणि लहानपणी धरायचे तशी आपल्याकडे वळवली.

“तोंड इकडे कर. मला ऐकू येत नाही.”

हे वाक्य ते आयुष्यात पहिल्यांदा पुरं बोलले होते. घुम्याने त्यांच्याकडे पाहिलं.

“सांगितलं होतं, मामा,” तो म्हणाला. “ओरडून ओरडून सांगितलं.”

उस्तादांनी मान हलवली. त्याच्या डाव्या हाताची मूठ अजूनही अर्धी वळलेलीच होती. ती त्यांनी आपल्या काळ्या तळव्यात घेतली.

“पुन्हा सांग,” ते म्हणाले. “हळू सांगितलंस तरी चालेल. मी बघतोय.”